लिंबं, चकल्या आणि जामिनाची अट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या बाईंचे आहेत. नाव लिहायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसत्या 'बाई'. मूळच्या नाशिकच्या. मेलबर्नला येऊन त्यांना तीसेक वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक त्यांनी फौजदारी बचावाची वकिली करण्यात घालवली. क्लेटनजवळ एका फार्मसीच्या वरच्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथे मी मदतनीस म्हणून लागलो तेव्हा माझी सनद यायची होती. मी सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅडम' म्हटलं.

"इथे मॅडम कोणी नसतं. नावाने हाक मार. इथले मॅजिस्ट्रेटसुद्धा मारतात."

मी प्रयत्न केला. नाव घशापर्यंत यायचं आणि तिथेच बसायचं. आठवडाभर मी त्यांना काहीच म्हणालो नाही. समोर जाऊन उभा राहायचो आणि खोकायचो. शेवटी त्याच वैतागल्या. "बरं, शाळेत बाईंना काय म्हणायचास?" "बाई." "मग तेच म्हण. पण खोकू नको. दिवस वाईट आहेत."

दिवस खरंच वाईट होते. साथीचं पहिलं वर्ष. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा नियम पुढे आला, पण ही गोष्ट सुरू होते त्याच्या थोडी आधी. लोक दुकानांबाहेर रांगा लावून टॉयलेट पेपर घेत होते ना, तेव्हाची.

जवळच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात अशाच एका रांगेत एक मराठी मावशी उभ्या होत्या. लेकाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या होत्या. तोंडात बडीशेप होती, तिचा ठसका लागला. त्यांच्या मागे एक गोरे आजोबा होते. ते ओरडले, "जिथून आलात तिथे परत जा, तुमचा रोग घेऊन!" आणि पायाने त्यांची ट्रॉली ढकलली. ट्रॉली मावशींच्या घोट्यावर बसली. घोटा सुजला, काळानिळा झाला. सोबत असलेल्या लेकाने ओरडणं सुरू होताच फोनवर सगळं रेकॉर्ड केलं, पोलिसांत दिलं. आजोबांवर मारहाणीचा गुन्हा दाखल झाला, आणि ते आमच्याकडे आले.

तो व्हिडिओ बाईंनी आणि मी एकत्र पाहिला. ट्रॉली लागल्यावर मावशी वळतात आणि खणखणीत मराठीत म्हणतात, "अहो, जायचंच आहे हो मला! विमान कुठाय? तुम्हीच काढून द्या की एक!"

बाई हसल्या. मग त्यांनी व्हिडिओ मागे नेला आणि ढकलण्याचा भाग परत पाहिला. त्यावर हसल्या नाहीत.

आमचे अशील शाळेसमोर रस्ता ओलांडून द्यायचे. हातात गोल पाटी, अंगात चमकणारं जॅकेट. इथली मुलं अशा माणसाला 'लॉलीपॉप मॅन' म्हणतात. ट्रॅम चालवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी पर्थला. सकाळी तासभर आणि दुपारी तासभर त्या पट्ट्यांवर उभं राहणं, एवढाच त्यांचा दिवस होता. पण मुलांमध्ये काम करायचं तर सरकारी परवाना लागतो. गुन्हा शाबित होऊन दोषी म्हणून नोंद झाली, आणि तीही द्वेषापोटी केलेल्या गुन्ह्याची, तर परवाना जाण्याचीच शक्यता जास्त. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, त्यांना आधीच घरी बसवलं होतं. त्यांना तुरुंगाची भीती नव्हती. ते प्रत्येक फोनवर एकच विचारायचे, "पाटी परत मिळेल का?"

पहिली भेट व्हिडिओवर झाली. त्यांना कॅमेरा जमेना, त्यामुळे तासभर आम्ही त्यांच्या कपाळाशी बोललो.

"मी वर्णद्वेष्टा नाही," कपाळ म्हणालं. "माझा डेंटिस्ट इंडियन आहे."

"छान," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला साक्षीला बोलावू? आ करून बसलेला माणूस कुणाचा द्वेष करू शकत नाही, असं सांगेल तो."

कॉल संपल्यावर मी बाईंना म्हणालो, "ते घाबरले होते हो. आजोबांच्या वयाला... आणि त्या मावशीही..."

"अरे, आरोपीला अहो-जाहो कोण करतं? आणि ती मावशी नाही. फिर्यादी पक्षाची साक्षीदार आहे. सगळ्यांना नातेवाईक करून ठेवशील तर भांडायचं कुणाशी?"

तरी मी मनातल्या मनात आजोबा आणि मावशीच म्हणत राहिलो. सवय.

आमच्या राज्यात, व्हिक्टोरियात, कायदा असा आहे की गुन्ह्यामागे एखाद्या समाजाबद्दलचा द्वेष किंवा आकस असेल तर शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तो विचारात घ्यायचा. म्हणजे ट्रॉली ढकलली का, हा प्रश्न नव्हताच. ते व्हिडिओत दिसत होतं आणि गुन्हा आम्ही कबूल करणार होतो. प्रश्न होता, ढकलताना मनात काय होतं? भीती की आकस? मी उत्साहाने निवाड्यांच्या प्रती काढल्या, रंगीत खुणा केल्या.

बाईंनी त्या चाळल्या. "माझ्या नवऱ्याच्या मनात काय असतं हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन कळलं नाही. मॅजिस्ट्रेटला ते चहाच्या सुट्टीआधी कळायला हवंय. कठीण काम आहे बिचाऱ्याचं."

घरी माझी वेगळीच उलटतपासणी चालायची. क्लेटनमध्ये आम्ही चौघे एका घरात राहायचो. एक युनिव्हर्सिटीत शिकणारा, एक गोदामात रात्रपाळी करणारा, एक सायकलवरून जेवण पोचवणारा. तिघेही मराठी. मी दारात आलो की सायकलवाला ओरडायचा, "आले रे, गोऱ्यांचे वकील आले! चहा टाका, पण ब्लॅक टाकू नका, भावना दुखावतील!"

"मला गेल्या आठवड्यात एकाने गाडीतून मिल्कशेक मारला," तो एकदा जेवताना म्हणाला. "तो सापडला तर त्याचीही केस घेशील का?"

"बाईंनी घेतली तर घेईन."

"बघा. हा आपल्या अंगावरच्या मिल्कशेकच्या बाजूने उभा राहणार."

तो हसत होता. पण बोलताना त्याचं लक्ष ताटाकडे होतं, माझ्याकडे नाही. मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी थट्टा केली नाही. "त्याला म्हण, तक्रार दे. तुला कुणी अडवलंय? फक्त तक्रार लिहायला तू बस त्याच्यासोबत, ऑफिसच्या वेळात बस. आणि मग त्या मिल्कशेकवाल्याला वकील लागला तर दुसरा कुणीतरी बघेल. एवढं सोपं आहे."

सायकलवाल्याने तक्रार दिली. गाडीचा नंबर नसल्याने पुढे काही झालं नाही. पण त्यानंतर त्याने 'ब्लॅक चहा'चा विनोद बंद केला आणि नवा काढला.

केस सारखी पुढे ढकलली जात होती. कोर्ट कधी बंद, कधी अर्धवट चालू. लांबलचक लॉकडाऊन झाला, तो उठला आणि दिवाळी आली. नोव्हेंबरात एका सकाळी आजोबांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"कुणीतरी काल माझ्या दारात स्टीलचा डबा ठेवला. त्यात काय होतं माहितेय? गोल गोल, काटेरी, तिखट. बिअरबरोबर अप्रतिम लागतात, मेट!"

मला क्षणभर कळलं नाही. मग ट्यूब पेटली. "चकल्या?"

"आणि चिवड्यासारखं काहीतरी. आणि पिठाचे गोळे, ते जरा घशाला चिकटतात."

"कुणी ठेवला?"

"तीच ती, रांगेतली. खिडकीतून पाहिलं ना. साडीवर रनिंगचे बूट. कोपऱ्यापलीकडेच राहतात, रोज फेरी मारतात. मी काही बोललो नाही हं. मला अट माहितेय."

जामिनाची अट साधी होती: साक्षीदारांशी थेट किंवा कुणामार्फत संपर्क करायचा नाही. मी म्हणालो, "शाब्बास. मग डबा?"

"धुतला. पुसला. आमच्या झाडाची लिंबं भरली आणि त्यांच्या गेटवर ठेवून आलो."

मी खुर्चीत बसलो.

"रिकामा कसा पाठवायचा?" आजोबा म्हणाले. "माझ्या आईने मला जिवंत सोडलं नसतं."

आता हसू येतं. तेव्हा मी धावत बाईंच्या खोलीत गेलो, आणि मास्क लावायला विसरलो. माझी आईही डबा कधी रिकामा परत पाठवत नाही. निदान साखरेची चिमूट तरी घालते. नेमकी हीच रीत ट्रॅम चालवणाऱ्या एका गोऱ्या माणसाच्या घरात असावी आणि तिने त्याला जामीन मोडण्यापर्यंत नेऊन ठेवावं, हे मला कुठल्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. मावशींच्या लेकाला तो डबा दिसला असणार. साक्षीदाराला गप्प करण्यासाठी भेटवस्तू दिली, असं पोलिसांना सहज वाटू शकतं. मग जामीन जातो, मग पाटीचं नावच नको.

बाईंनी डोळे मिटले. मग फोन उचलला आणि पोलिसांच्या वतीने केस चालवणाऱ्या अधिकाऱ्यालाच लावला, स्पीकरवर.

"तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. माझ्या अशिलाने तुमच्या साक्षीदाराला लिंबं दिली आहेत."

पलीकडून प्रश्न आला, "लिंबं म्हणजे... लिंबं?"

"पिवळी. आधी त्यांच्याकडून चकल्या आल्या होत्या. डबा रिकामा परत करणं त्याला अशक्य होतं."

मग तो अधिकारी हळूच म्हणाला, "माझी आजी माल्टाची होती. तिच्याकडेही हेच." त्याने वेगळा गुन्हा लावला नाही, पण मॅजिस्ट्रेटना सांगेन म्हणाला. आणि आजोबांना निरोप: यापुढे काहीही आलं, केक आला तरी, हात लावायचा नाही. दुपारी लेकाचा ईमेल पोलिसांकडे पोचलाच. बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बघ, वकिलीत हुशारी कमी लागते. आधी फोन करावा लागतो, बस."

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच शिजत होतं. आमच्या गावात भिंतीच्या वादावरून दोन घरं कोर्टात भांडायची. एका दिवाळीला एकीकडून दुसरीकडे फराळाचं ताट गेलं, आणि पंधरवड्यात केस मिटली. फराळ गेला म्हणजे मिटलं, हे मला जन्मापासून माहीत. मी त्यावर दोन परिच्छेद लिहिले. 'महाराष्ट्रीय संस्कृतीत दिवाळीचा फराळ पाठवणं ही क्षमेची खूण मानली जाते' अशी सुरुवात. जन्मात इतकं चांगलं इंग्रजी मी लिहिलं नव्हतं. वाचताना मलाच भरून आलं.

बाईंनी लाल पेनाने दोन्ही परिच्छेद आडवे कापले.

"बाई, पण हे खरं आहे!"

"तुझ्या गावात असेल. तिने डबा दिला. तक्रार मागे घेतली?"

"नाही."

"मग तिच्या मनातलं तू कोण लिहिणार? आपण आपल्या अशिलाच्या मनातलं लिहायचं. तेच पुरेसं अवघड आहे."

मला वाईट वाटलं. दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोललो. त्यांनी ते ओळखलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चकलीचं पाकीट ठेवलं. वर चिठ्ठी होती: 'ही क्षमेची खूण नाही. भूक लागते म्हणून आणली.'

सुनावणी पुढच्या वर्षी जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात झाली, आणि तीही पडद्यावर. बाई आपल्या घरून, आजोबा ऑफिसात माझ्याशेजारी, मध्ये एक रिकामी खुर्ची. कोट त्यांनी बायकोच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदा घातला होता. अजूनही अडकलेल्या मावशी लेकाच्या घरून, दुभाषी आणखी कुठून तरी. बाईंचं पहिलं अख्खं मिनिट म्यूटवर गेलं. मी हातवारे केले ते मॅजिस्ट्रेटना दिसले, आणि त्या म्हणाल्या, "तरुण मित्राचं ऐका."

मावशींना झालेला त्रास सांगायचा होता. त्या कॅमेऱ्याकडे नाही, थेट दुभाष्याकडे बघून बोलत होत्या. घोटा दोन महिने दुखला. त्यानंतर त्या एकट्या दुकानात गेल्या नाहीत. नातीबरोबर बागेत गेल्या आणि खोकला आला तर तोंडात पदर कोंबायच्या. मग मॅजिस्ट्रेटनी त्या डब्याबद्दल विचारलं. दुभाषी म्हणाला, "स्नॅक्स."

"स्नॅक्स नाही हो," मावशींनी मध्येच अडवलं. तेवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. "फराळ. दिवाळीचा. दोन्ही बाजूंच्या घरी दिला, समोर दिला, त्यांनाही दिला. एकटे राहतात. सणाला कुणाचं घर वगळू नये." मग थांबल्या. "पण फराळ दिला म्हणजे माझा राग गेला, असं कुणी लिहू नका. राग आहे. फराळ सणाचा होता."

पडद्यावरच्या चौकटीत बाई दिसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढा मोठेपणा त्यांच्याकडे होता. ते दोन परिच्छेद आम्ही वाचून दाखवले असते, तर मावशींच्या तोंडचं सगळंच आम्ही काढून घेतलं असतं, आणि तेही त्यांच्यासमोर.

दुभाष्याचं भाषांतर संपलं. आजोबांनी ते पुढे झुकून ऐकलं. बाईंनी त्यांना बजावलं होतं: विचारलं तर 'हो, युअर ऑनर', 'नाही, युअर ऑनर', बाकी मी बोलेन. बाईंनी भीतीचा मुद्दा नीट बांधून आणला होता: एकटं म्हातारपण, रोज टीव्हीवर मृतांच्या बातम्या, छातीचं जुनं दुखणं. सगळं खरं होतं. त्या बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात आजोबा उठले. त्यामुळे पडद्यावर त्यांचं फक्त पोट दिसायला लागलं.

"मी घाबरलो होतो," पोट म्हणालं. "पण माझा शेजारी खोकला असता तर मी त्याला 'बरा आहेस ना?' म्हणालो असतो. ती इंडियन होती म्हणून मी 'परत जा' म्हणालो. आधी हे बोललो नाही, कारण मला माझी पाटी हवीय. सॉरी, मॅम." आणि शेवटचं वाक्य त्यांनी मॅजिस्ट्रेटना उद्देशून म्हटलं नव्हतं.

बाईंनी कपाळाला हात लावला. मी आजोबांचा कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

दुभाष्याने भाषांतर केलं. मावशींनी ऐकलं, मान हलवली. हो किंवा नाही, काहीच कळलं नाही.

मॅजिस्ट्रेट म्हणाल्या की आकस होता हे आता आरोपीच सांगतोय, तेव्हा मी तो धरूनच शिक्षा ठरवते. त्यानंतर म्हणाल्या, पण इतक्या सरळ शब्दांत तो मान्य करणारा माणूस माझ्यासमोर रोज येत नाही. दोषी म्हणून नोंद न करता वर्षभर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. परवान्याचं मात्र तो देणाऱ्या खात्याने आणि कौन्सिलने ठरवायचं होतं. आकसाची गोष्ट आता कागदावर आली होती, तीही आजोबांच्याच तोंडून.

सगळं बंद झाल्यावर बाईंचा फोन आला. आधी आजोबांना पाच मिनिटं झाडलं. मग मला म्हणाल्या, "आठवडाभर तयारी करून मी त्याच्या तोंडात जे घातलं नव्हतं, ते त्यानेच बाहेर काढलं. आता कौन्सिलला पत्र तू लिही."

"मी?"

"हो. यावेळी मी काही कापणार नाही. पण संस्कृती घालू नकोस."

मी लिहिलं. एक पान. आजोबा काय म्हणाले, तेवढंच. बाईंनी खरंच काही कापलं नाही. एक स्वल्पविराम टाकला.

कौन्सिलचा निकाल यायला इथला उन्हाळा उजाडला. तोवर सीमा उघडल्या आणि बाई दोन वर्षांनी आईला भेटायला नाशिकला गेल्या. जाताना म्हणाल्या, "निकाल आला की मराठीत लिही मला. तिथे सगळे मला इंग्रजीत मेसेज करतात, जीव नकोसा होतो." जानेवारीच्या शेवटी निकाल आला. त्याच संध्याकाळी मी हे पत्र पाठवलं:

*बाई,*

*तुमच्या आईंची तब्येत बरी असेल अशी आशा आहे. इथे सगळं ठीक. फार्मसीवाल्याने पुन्हा आपल्या जागेत गाडी लावली. मी आधी फोन केला. त्याने काढली.*

*आज कौन्सिलचं उत्तर आलं. परवाना राहिला, पण आजोबांना त्यांच्या जुन्या शाळेसमोर उभं राहता येणार नाही. मावशींच्या लेकाने हरकत घेतली होती. नात त्याच शाळेत आहे. (साक्षीदार म्हणायला हवं, मला माहीत आहे, पण केस संपली आहे.) कौन्सिलने त्याचं ऐकलं, आणि मला वाटतं बरोबर ऐकलं. आजोबांना दुसरा रस्ता दिला आहे. लांब, दोन बस बदलून, चढावर. तिथे वारा फार असतो म्हणतात.*

*मी त्यांना फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, याच्याविरुद्ध अपील करता येईल का? जुन्या शाळेतली मुलं त्यांना नावाने ओळखतात, नव्या ठिकाणी कोण ओळखणार? तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात हे मी एक क्षण आठवून पाहिलं आणि म्हणालो, नाही. येणार नाही. ते म्हणाले, तुझा आवाज तुझ्या बॉससारखा झालाय. मी म्हणालो, थँक यू. त्यांना ते आवडलं नाही.*

*मग थोड्या वेळाने त्यांचा परत फोन आला. नव्या जॅकेटचा साईज कुणाला कळवायचा, विचारत होते.*

*माझ्या सनदेचा शपथविधी पुढच्या महिन्यात होईल. तुम्ही परत आल्यावर तारीख ठेवा, अशी मी विनंती केली आहे. घरून आई-बाबांना येता येणार नाही. तुम्ही याल ना? तुमच्याखेरीज माझ्याकडून उभं राहणारं इथे कुणी नाही, आणि दुसरं कुणी असलं असतं तरी मी तुम्हालाच विचारलं असतं.*

*शाळा सोमवारी उघडते. पहिल्या दिवशी मी त्या चढावर जाऊन येईन म्हणतो. गाडी लांब लावेन. आजोबांना मी दिसणार नाही.*